रिपीटर आणि मेश: दिसायला सारखे, वागायला वेगळे

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घरात चार-पाच विद्यार्थी मिळून राहत असतील, तर फायबरची वायर बहुधा सोप्यात येऊन थांबते आणि माडीवरच्या मागच्या खोलीत वाय-फायची एकच काडी उरते. मग दुकानात रिपीटर आणि मेश अशा दोन वस्तू पुढे येतात. दोन्हींचे वर्णन ‘रेंज वाढते’ एवढ्यावरच संपत असल्यामुळे किमतीतला फरक कशाचा, हे मात्र कळत नाही.

रिपीटर राउटरचे बोलणे ऐकतो आणि तेच पुढे पुन्हा बोलतो. ऐकणे आणि बोलणे एकाच चॅनेलवर चालत असेल, तर प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरपट्ट्यांवर चालणारा रिपीटर एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर बोलू शकतो, त्यामुळे हा तोटा कमी होतो. मात्र बहुतेकजण तो जिथे रेंज नाही नेमक्या त्याच खोलीत लावतात. जे त्याला ऐकूच येत नाही ते तो पुढे काय सांगणार? त्याची जागा मधल्या जिन्यापाशी, जिथे मूळ राउटरचा सिग्नल अजून दमदार आहे तिथे असते.

मेशमध्ये दोन किंवा अधिक डबे एकमेकांना ओळखून एकच जाळे चालवतात. माहिती कोणत्या वाटेने न्यायची हे ते आपसात ठरवतात आणि तुम्ही माडीवर गेलात की फोनला जवळच्या डब्याकडे जाण्याची सूचना देतात. डबा बदलायचा की नाही हा निर्णय मात्र शेवटी फोनचाच असतो, त्यामुळे ‘मेश घेतला की फोन आपोआप सरकतो’ हे दुकानदाराचे वाक्य अर्धेच खरे आहे. शिवाय डबे वायरने जोडलेले नसतील, तर मेशलाही त्याच हवेतून आणि त्याच जाड दगड-विटांच्या भिंतीतून जावे लागते. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल अशा भिंतीत २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर मंदावतो. तीन बँडच्या मेशमध्ये एक बँड डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखून ठेवता येतो, पण भिंत त्यालाही चुकत नाही.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न रिपीटर की मेश हा नसून दुसऱ्या डब्यापर्यंत इंटरनेट वायरने जाते की हवेतून, हा आहे. साधी कॅट ५ई ही नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग नेऊ शकते. मालक भिंतीला भोक पाडू देत नसतील, तर ती क्लिपांनी जिन्याच्या कडेने नेता येते. वरच्या टोकाला पडून असलेला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला, म्हणजे त्यातला डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सोय) बंद करून केबल लॅन पोर्टात घातली आणि नाव-पासवर्ड तेच ठेवले, तर तो वायरशिवाय चालणाऱ्या महागड्या मेशलाही मागे टाकू शकतो. दोन्ही राउटरना २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांपैकी वेगवेगळे चॅनेल द्यावेत.

मेशच घ्यायचा ठरला, तर इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरचे वाय-फाय बंद करावे आणि पत्ते वाटण्याचे काम दोघांपैकी एकाकडेच ठेवावे, नाहीतर ऑनलाइन गेम खेळणाऱ्या रूम पार्टनरच्या तक्रारी सुरू होतात. रात्री सगळ्यांचेच नेट एकदम अडकत असेल, तर आधी राउटरला केबलने लॅपटॉप जोडून वेग पाहावा. तिथेही तो कमीच असेल, तर दोष रेंजचा नाही आणि यांपैकी काहीही विकत घेऊन तो जाणार नाही.

वर्गणी काढण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी. रिपीटर बहुतेक कोणत्याही राउटरला चालतो, त्यामुळे खोली सोडताना कोणीही तो घेऊन जाऊ शकतो. मेशचे डबे मात्र बहुधा आपल्याच कंपनीच्या डब्यांशी जुळतात, त्यामुळे परीक्षेनंतर दोघे दोन डबे घेऊन दोन गावी गेले की मेश उरत नाही. तो संच एकानेच विकत घ्यावा आणि बाकीच्यांनी बिलात तेवढी भर घालावी.