दात चुकला की टायमिंग चुकलं?

जुन्या पेट्रोल गाडीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोहोचवणारा भाग, बदलला आणि गाडी नीट सुरू होईना, की बहुतेक जणांचा हात आधी क्लॅम्पच्या बोल्टकडे जातो. बोल्ट सैल करायचा, बॉडी थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवायची. कधी त्याने काम होतं. पण चूक गिअरच्या दातात असेल, तर दिवसभर फिरवूनही हाती काही लागत नाही. दोन्ही चुका वरून सारख्याच दिसतात: इंजिन खोकतं, ओढत नाही, मध्येच फटाका वाजतो. म्हणून त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणारा भाग एक आणि स्थिर भाग एक. शाफ्ट आणि त्यावरचा रोटर (ठिणगी एकेका वायरीकडे वळवणारा तुकडा) कॅमशाफ्टच्या गिअरवर, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. बॉडी ब्लॉकला आवळलेली असते, आणि पॉइंट (उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क) व कॅप (प्लगच्या वायरी जोडलेलं झाकण) तिच्यावर बसतात. शाफ्ट गिअरमध्ये कुठे अडकला ही झाली बसवण. बॉडी किती फिरवून आवळली, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते, हे झालं टायमिंग. बसवण दातादातानेच बदलते, टायमिंग मात्र केसभरही हलवता येतं.

हा फरक आकड्यात पाहा. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 मध्ये डिस्ट्रिब्युटरच्या गिअरला 13 दात असतात. एक दात चुकला की रोटर जवळजवळ 28 अंश सरकतो, क्रँकच्या हिशेबात 55. टायमिंगची नेहमीची दुरुस्ती मात्र क्रँकच्या पाच-दहा अंशांची, म्हणजे बॉडी जेमतेम अडीच ते पाच अंश फिरवायची. बॉडी बोटभर फिरवावी लागत असेल, तर तिथेच संशय घ्यावा.

खरं तर एक दात चुकला तरी बॉडी तेवढीच फिरवली तर इंजिन व्यवस्थित चालतं, कारण पॉइंट आणि कॅप दोन्ही बॉडीबरोबर सरकतात. अडचण जागेची असते. बॉडीच्या बाजूचा व्हॅक्युमचा डबा (इंजिनच्या ओढीवर टायमिंग हलवणारा) ब्लॉकला किंवा मॅनिफोल्डला टेकतो, प्लगच्या वायरी ताणल्या जातात. बॉडी फिरायची थांबली आणि टायमिंग लाइटमध्ये (एक नंबरच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) क्रँकच्या पुलीची खूण अजून लांबच आहे, तर दात चुकला असं समजा. खूण अंशांच्या पट्टीच्या आसपास दिसत असेल तर टायमिंगच बघा. दात चुकला असेल तर मी तरी डिस्ट्रिब्युटर उपसून पुन्हा बसवेन. जुगाड केलेली बसवण पुढच्या माणसाला छळते.

पुन्हा बसवताना सगळ्यात जास्त फसवतं ते टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा. चार स्ट्रोकच्या एका चक्रात पुलीची खूण दोनदा जुळते: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. आपल्याला पहिली हवी. एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट धरा आणि इंजिन हाताने फिरवा. हवा बोट ढकलू लागली की खूण जुळवा. दुसऱ्या टीडीसीवर बसवलं तर डिस्ट्रिब्युटर 180 अंश उलटा लागतो, ठिणगी इनटेक वाल्व उघडताना पडते आणि कार्बोरेटरमधून भडका येऊ शकतो. कार्बोरेटरवर तोंड नेऊन पाहू नका. काही इंजिनांत शाफ्टच्या खालच्या टोकाची जीभ मध्यापासून सरकवलेली असते, ती उलटी बसूच शकत नाही. तिथे दात आणि उलट बसवण या दोन्ही काळज्या मिटतात.

गिअर तिरप्या दातांचा असेल तर डिस्ट्रिब्युटर खाली जाताना रोटर स्वतःच थोडा वळतो. त्यामुळे जुना काढतानाच रोटर किती फिरतो ते पाहून ठेवा आणि नवा तेवढाच मागे धरून सोडा. शेवटी रोटर कॅपमधल्या एक नंबरच्या वायरीसमोर यायला हवा. पूर्ण खाली बसत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नका. बऱ्याच इंजिनांत खालच्या टोकाला ऑइल पंपाचा शाफ्ट असतो आणि खाच जुळलेली नसते. वरून हलका दाब ठेवून इंजिन हाताने फिरवा, खाच जुळली की खटकन खाली जातो. मग पुन्हा टीडीसीवर आणून रोटर तपासा.

टायमिंगला हात लावायचा तो त्यानंतर, आणि त्याच्याही आधी पॉइंटची गॅप. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम फुकट जातं. सुरुवातीसाठी क्रँक टायमिंगच्या खुणेवर ठेवा, इग्निशन चालू करा आणि टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला लावा. पॉइंट उघडताक्षणी दिवा लागतो, बॉडी तिथे हलकेच आवळा. इंजिन सुरू झाल्यावर व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि टायमिंग लाइटने नेमकं जुळवा. बॉडी रोटरच्या उलट दिशेला फिरवली की ॲडव्हान्स होतं (ठिणगी लवकर), रोटरच्या दिशेला फिरवली की रिटार्ड (ठिणगी उशिरा). आवळल्यावर लाइट एकदा पुन्हा मारा, कारण बोल्ट घट्ट करताना बॉडी हमखास सरकते.