मधले आकडे गेले कुठे?

डेटाबेसच्या टेबलात नोंदींचा क्रमांक, म्हणजे आयडी, ४१ नंतर थेट ५१ दिसला की पहिला संशय चोरीचा येतो. मधल्या नऊ नोंदी कुणी उडवल्या? हिशेब तपासणारे तर हमखास विचारतात. बहुतेक वेळा कुणीच काही उडवलेलं नसतं. ते आकडे कुठल्या नोंदीला लागलेच नव्हते.

टेबलातली प्रत्येक नोंद नेमकी ओळखू यावी म्हणून तिला प्रायमरी की असते. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली माहिती टेबलांत मांडणारं रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हापासून ही कल्पना आहे. अटी दोनच: की रिकामी नको आणि दोन नोंदींची सारखी नको. आकडे ओळीने यावेत असं कुणीही कबूल केलेलं नाही.

आता ओआरएम, म्हणजे ऑब्जेक्ट आणि टेबलं यांची सांगड घालणारं साधन. प्रोग्रॅमर मेमरीतल्या ऑब्जेक्टशी (एका गोष्टीची माहिती एकत्र धरणाऱ्या तुकड्याशी) खेळतो, डेटाबेसला टेबलं कळतात. हायबरनेट, जँगो, एसक्यूएलअल्केमी ही मंडळी मध्ये बसून दुभाषाचं काम करतात. घोळ होतो तो नव्या ऑब्जेक्टपाशी. तो मेमरीत जन्मतो तेव्हा त्याला आयडी नसतो. तो द्यायचा कुणी आणि कधी?

सोपा मार्ग म्हणजे नोंद टेबलात घालायची, डेटाबेस पुढचा आकडा लावून परत कळवतो. पण ओआरएमला बदल साठवून एकगठ्ठा पाठवायला आवडतं, आणि इथे आकडा हवा तर नोंद आधी पाठवावीच लागते. ऑर्डरचा आयडी कळल्याशिवाय तिच्यातल्या वस्तूंच्या नोंदी तरी कशा लिहिणार? म्हणूनच हायबरनेट या पद्धतीत नव्या नोंदींचे गठ्ठे बांधणं सोडून देतो.

यावरचा उपाय मला फार आवडतो. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये सीक्वेन्स नावाचा मोजणारा टेबलापासून वेगळा असतो, त्यामुळे नोंद न घालताही त्याच्याकडून आकडा मागता येतो. पण दर ऑब्जेक्टमागे एक फेरी मारायची म्हणजे वेळ गेलाच. म्हणून ओआरएम आकड्यांचा अख्खा संच उचलतं. वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र पावतीपुस्तक द्यावं, तसं. जावातल्या जेपीए या मानकात संचाचा ठरलेला आकार ५० आहे. समजा, एकच प्रोग्रॅम दोन सर्व्हरवर चालतोय. पहिला सर्व्हर विचारतो, डेटाबेस म्हणतो ‘१’, की १ ते ५० त्याचे. दुसऱ्याला उत्तर मिळतं ‘५१’, की ५१ ते १०० त्याचे. पुढच्या ५० ऑब्जेक्टना आकडे वाटताना डेटाबेसला काही विचारावंच लागत नाही.

समजा, पहिला सर्व्हर ४१ वर असताना बंद पडून पुन्हा सुरू झाला. ४२ ते ५० हे आकडे फक्त त्याच्या मेमरीत होते, ते गेले. आता तो नवा संच मागेल. शिवाय ५१ नंबरची नोंद ३ नंबरच्या आधीची असू शकते, कारण दोन्ही सर्व्हर एकाच वेळी आपापले आकडे वाटत होते. आयडी लावून ‘सर्वांत नवी नोंद’ शोधणारे इथे फसतात. त्यासाठी वेळेचा वेगळा रकाना ठेवावा.

संच न घेताही खड्डे पडतातच. एका ट्रान्झॅक्शनने (सगळे मिळून पक्के किंवा सगळे मिळून रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाने) ४२ घेतला, दुसऱ्याने ४३. पहिलं फसलं आणि मागे फिरलं. ४२ परत घ्यायचा असेल, तर पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याला थांबवून ठेवावं लागलं असतं. आणि दुसऱ्यामागे तिसऱ्याला. ही रांग लागू नये म्हणून सीक्वेन्सला ट्रान्झॅक्शनच्या बाहेर ठेवलंय. दिलेला आकडा तो परत घेत नाही.

आयडी उशिरा मिळण्याची आणखी एक गंमत. ऑब्जेक्टचा हॅश, म्हणजे तो कुठल्या कप्प्यात ठेवायचा हे ठरवणारा आकडा, आयडीवरून काढला, सेव्ह करण्याआधी ऑब्जेक्ट हॅशसेटमध्ये टाकला आणि मग सेव्ह केला, की आयडी बदलतो, हॅश बदलतो आणि सेट ऑब्जेक्टला भलत्याच कप्प्यात शोधतो. ऑब्जेक्ट आत असूनही उत्तर येतं ‘नाही’.

मग यूयूआयडी का नको? हा १२८ बिटांचा आकडा. त्याच्या चौथ्या आवृत्तीत १२२ बिटं यादृच्छिक असतात, त्यामुळे कुणालाही न विचारता तो जागेवरच बनवता येतो. पण विस्कळीत आकड्यांमुळे इंडेक्सच्या, म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या क्रमवार यादीच्या, कुठल्याही पानात मधेच नोंद घुसवावी लागते. २०२४ मध्ये प्रमाणित झालेली सातवी आवृत्ती म्हणूनच पहिल्या ४८ बिटांत वेळ ठेवते, म्हणजे नवे आकडे साधारण ओळीने येतात. यूयूआयडी लावला की माहिती सुरक्षित झाली, असा प्रचार मात्र ऐकू नका. आयडीचा अंदाज बांधता येत नाही म्हणून परवानगी तपासायची नाही, हा शुद्ध आळस आहे.

बिलांचे क्रमांक मात्र खरोखर सलग हवे असतात. ते प्रायमरी कीवर ढकलू नयेत. त्यांच्यासाठी वेगळा रकाना करावा, बिल पक्कं होताना मोजणीच्या नोंदीला लॉक लावून पुढचा क्रमांक घ्यावा, आणि तेवढ्यापुरती ती रांग सोसावी.