वाशिमची मध्यरेषा, हिंगणघाटची कबर

धुऱ्याचं भांडण विकोपाला गेलं की मोजणी मागवायची, हे विदर्भातल्या कुठल्याही शिवारात ठरलेलं. आता मोजणीला साखळी ओढत कोणी येत नाही. दांडीवर बसवलेलं रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारं यंत्र, येतं आणि धुऱ्यावरच्या दगडाचे अक्षांश-रेखांश सांगून मोकळं होतं. आकाशावरून अशी जागा ठरवण्याची निकड आधी खलाशांची. चहूकडे पाणी, खुणेला झाड नाही की टेकडी नाही. पण या विद्येच्या इतिहासातली काही ठळक पानं समुद्रापासून शेकडो मैल आत, वाशिम, हिंगणघाट आणि अचलपूरकडे उलगडतात, हे आपल्याकडेही फारसं कोणाला ठाऊक नाही.

उत्तर-दक्षिण ठिकाण काढणं त्यातल्या त्यात सोपं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका आपला अक्षांश. हिंगणघाटला तो साडेवीस अंशांच्या आसपास दिसतो. अरबी समुद्रातले खलाशी ‘कमाल’ नावाच्या लाकडी पाटीवर हे काम भागवत. पाटीला गाठी मारलेली दोरी असे. ती दातांत धरून पाटीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला भिडवायची, मग कितवी गाठ ते बघायचं. पुढे ताऱ्याची उंची कोनात मोजणारं सेक्स्टंट आलं. अक्षांशात एका मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. भर समुद्रात जहाजाचं तेवढ्याने अडत नाही.

खरा घोळ पूर्व-पश्चिमेचा. तेच तारे सगळ्यांच्या डोक्यावरून जातात, फक्त पूर्वेकडच्या गावावरून आधी, पश्चिमेकडच्या गावावरून नंतर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे रेखांश काढायचा तर दोन ठिकाणच्या वेळा जुळवाव्या लागतात, आणि तार-टेलिफोन नसताना त्या जुळवणार कशा?

आपल्या ज्योतिषांनी चंद्रग्रहण धरलं. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं; उज्जैनच्या गणिताप्रमाणे ते केव्हा लागायला हवं आणि आपल्या गावी घटिकापात्रावर, म्हणजे पाण्याच्या घड्याळावर, केव्हा लागलं, यातला फरक म्हणजे देशांतर, रेखांशातलं अंतर. लंका-उज्जैनवरून जाणारी रेषा हे त्यांचं शून्य. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने (लीलावतीवाला भास्कराचार्य नव्हे) या रेषेवरची गावं दिली आहेत, आणि त्यात अवंतीबरोबर (म्हणजे उज्जैनबरोबर) वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आजचं वाशिम. तिथलं मध्यमेश्वर मंदिर लोक याच मध्यरेषेशी जोडतात. आजच्या नकाशावर ताडून पाहिलं तर वाशिम उज्जैनच्या रेषेपासून सुमारे 140 किलोमीटर पूर्वेला पडतं. वाशिमकरांनी वाईट वाटून घेऊ नये. वेळेत हा फरक जेमतेम साडेपाच मिनिटांचा आहे, आणि चंद्रावर पृथ्वीची सावली नेमकी कधी टेकली हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं आजही कठीण जातं.

युरोपात हे कोडं अठराव्या शतकात सुटलं: हॅरिसन या इंग्रज घड्याळजीचं समुद्रावर वेळ न चुकवणारं घड्याळ आणि ग्रिनिचहून 1767 सालापासून निघालेलं नाविक पंचांग. ईस्ट इंडिया कंपनीलाही जहाजं आणि मुलूख दोन्ही सांभाळायचे होते. तिने 1792 मध्ये मद्रासला वेधशाळा बांधली. गुरूचे चंद्र गुरूच्या सावलीत कधी शिरतात, हे पाहून मद्रासचा रेखांश काढला गेला आणि सगळ्या हिंदुस्थानचा नकाशा त्या खुंटीला बांधला गेला.

त्या नकाशाचा कणा विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने घातला. 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने सुरुवात केली आणि मग 78 अंश रेखांशाच्या आसपास, कन्याकुमारीकडून उत्तरेला, त्रिकोणामागून त्रिकोण चढवत नेले: एक बाजू मोजलेली, बाकीच्या कोनांवरून काढायच्या. कोन मोजायला अर्ध्या टनाचं थिओडोलाइट होतं. अक्षांशासाठी मात्र ताऱ्यांकडेच जावं लागे. त्यासाठी झेनिथ सेक्टर नावाची पाच फुटी उभी दुर्बीण. मॅकार्टनी या इंग्रज वकिलाच्या वकिलातीबरोबर चीनच्या बादशहाकडे जाऊन परत आलेल्या सामानातून ती लॅम्बटनच्या हाती लागली. ती ओळंब्याला लावून ऐन डोक्यावरून जाणारे तारेच बघायचे, कारण क्षितिजाजवळ हवा प्रकाश वाकवते, माथ्यावर जवळजवळ नाही. यंत्रातली खोट निघून जावी म्हणून दुर्बिणीचं तोंड पूर्व-पश्चिम फिरवून तोच तारा पुन्हा बघायचा. कोनाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर 31 मीटर. त्यांना त्या सेकंदापर्यंत जायचं होतं.

हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटन हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. पृथ्वीचा आकार मोजायला निघालेला माणूस इथे पुरलाय, हे त्या गावाबाहेर फार थोड्यांना माहीत असावं. शिखराला नाव मिळालं ते त्याच्या मदतनिसाचं, जॉर्ज एव्हरेस्टचं.

एव्हरेस्टला त्रास दिला तो एलिचपूरकडच्या, म्हणजे आजच्या अचलपूर भागातल्या, टाकळखेड्याने. तिथल्या ताऱ्यांवरून काढलेल्या अक्षांशावर त्याचा भरवसा बसेना. उत्तरेकडचे डोंगर ओळंब्यालाच आपल्याकडे ओढतात, अशी त्याची शंका. ओळंबा उत्तरेला सरकला तर ‘माथा’ दक्षिणेला सरकतो आणि ताऱ्यांचा हिशेब खोटा पडतो. पुढे हिमालयाच्या पायथ्याकडे ताऱ्यांवरून आणि त्रिकोणांवरून काढलेल्या अक्षांशांत असाच कोनाच्या पाच सेकंदांचा फरक निघाला. प्रॅट आणि एअरी या इंग्रज अभ्यासकांनी 1855 मध्ये तो सोडवायला घेतला आणि त्यातून निघालं की डोंगरांच्या ओझ्याला खालूनही तोल असतो. भूगर्भशास्त्राला हे मोठं घबाड मिळालं.

रेखांशाचं दुखणं मात्र मद्रासला राहिलं. तारायंत्र आल्यावर वेळा थेट जुळवता आल्या, तेव्हा कळलं की मद्रासचा रेखांश कोनाच्या सुमारे अडीच मिनिटांनी जास्त धरला गेला होता. वेळेत दहा सेकंद. जमिनीवर, आपल्या भागात, सव्वाचार किलोमीटरच्या वर. म्हणून जुन्या सर्व्हे नकाशांवर मद्रासचा रेखांश किती धरलाय ते छापलेलं असे. ती बारीक ओळ न वाचता त्यावरचे जुने आकडे मोबाइलमध्ये टाकले तर गाव पूर्वेला सरकून दुसऱ्याच शिवारात जाऊन बसतं.