रिअल-टाइम कोडमधील ब्लॉकिंग कॉलचा शोध

ठरलेल्या मुदतीत काम पुरे करण्याचे बंधन असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, थ्रेडला (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) अनिश्चित काळ अडकवून ठेवू शकणारे फंक्शन कुठून बोलावले जाते, हे हुडकण्याच्या पद्धती. मेमरी मागणे किंवा सोडणे, लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपासाठी) थांबणे, फाइल उघडणे वा लिहिणे, झोपी जाणे ही असे कॉल होण्याची नेहमीची ठिकाणे.

या बंधनाचा अनुभव सर्वांत सहज येतो तो ध्वनिमुद्रणात. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १२८ नमुन्यांचा बफर असेल, तर ऑडिओ कॉलबॅकला, म्हणजे प्रत्येक बफरसाठी बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनला, दर खेपेला सुमारे २.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात तो परतला नाही, तर स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो किंवा मुद्रणात खाच पडते. सिंधुदुर्गात जत्रेच्या दिवसांत दशावतार रात्रभर चालतो. पेटी, मृदंग, झांज आणि पात्रांचे माइक लॅपटॉपवर वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये घेणाऱ्याला ही खाच मागाहून भरता येत नाही. संकासुर काही पुन्हा प्रवेश करणार नसतो. कोकण रेल्वेने विकसित केलेल्या टक्कररोधक उपकरणासारख्या यंत्रणांच्या क्षेत्रात मुदत चुकण्याची किंमत अर्थातच वेगळी असते.

ब्लॉकिंग म्हणजे मंद नव्हे. हजार गुणाकारांचा लूप वेळ खातो, पण किती ते आधी सांगता येते. मेमरी मागणारा ‘मॅलॉक’ मात्र बहुतेक वेळा झटकन परततो आणि एखाद्याच वेळी आतल्या लॉकपाशी अडतो किंवा कर्नेलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) जाऊन नवी मेमरी मागतो. धोपावे-दाभोळ फेरीबोटीने जाणाऱ्याला खाडी ओलांडायला लागणारा वेळ ठाऊक असतो, पलीकडची बोट कधी सुटेल ते त्याच्या हातात नसते; म्यूटेक्सपाशी, म्हणजे अशाच एका लॉकपाशी, थांबलेल्या थ्रेडची गत तीच. म्हणून सरासरी वेळ मोजून कोड सुरक्षित ठरवण्यात अर्थ नाही. शिवाय असे कॉल लपलेले असतात. सी++ मधील ‘व्हेक्टर’मध्ये (वाढवता येणाऱ्या यादीत) एक घटक वाढवणे निरुपद्रवी दिसते, पण राखलेली जागा संपली की तीच ओळ मेमरी मागायला जाते. लॉक मोकळे असेल तरच घेणारे ‘ट्रायलॉक’ थांबत नाही हे खरे. पुढचे ‘अनलॉक’ मात्र वाट पाहणाऱ्या दुसऱ्या थ्रेडला उठवण्यासाठी कर्नेलमध्ये शिरू शकते.

१९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होत होता. कमी प्राधान्याच्या हवामानविषयक कामाने धरलेला म्यूटेक्स उच्च प्राधान्याच्या कामाला हवा होता, आणि मधल्या प्राधान्याची कामे त्या हवामानाच्या कामाला प्रोसेसरच मिळू देत नव्हती. म्यूटेक्सची प्राधान्य-वारशाची (म्यूटेक्स धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य देण्याची) सोय पृथ्वीवरून चालू केल्यावर दोष गेला. लॉक घेणारी ओळ नुसती वाचून असला दोष दिसत नाही.

शोधाचा एक मार्ग कोड न चालवता तपासण्याचा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एलएलव्हीएम २० या कंपायलर-संचातील क्लँग कंपायलरात फंक्शनवर ‘नॉनब्लॉकिंग’ अशी खूण करता येते. संबंधित इशारा चालू केला, की अशा फंक्शनने खूण नसलेले आणि सुरक्षितही ठरवता न येणारे दुसरे फंक्शन बोलावताच कंपायलर तक्रार करतो. ही तपासणी सगळ्या वाटा पाहते, अगदी कधीच न चालणाऱ्यासुद्धा. मात्र फंक्शनचा मजकूर दुसऱ्या फाइलीत किंवा तयार लायब्ररीत असेल तर तिला फक्त खुणेवर विसंबावे लागते, आणि जुन्या कोडवर ती प्रथम लावली की इशाऱ्यांचा पाऊस पडतो.

त्याच आवृत्तीतला रिअलटाइम सॅनिटायझर उलट बाजूने येतो: प्रोग्राम चालू असताना तपासतो. तो मॅलॉक, म्यूटेक्स, फाइल आणि झोपेची फंक्शने मध्येच अडवतो. खूण केलेल्या फंक्शनमध्ये असताना त्यांपैकी एखादे बोलावले गेले, तर कॉलची पूर्ण साखळी छापून प्रोग्राम थांबवतो. अहवाल नेमका, कारण घटना खरोखर घडलेली असते. पण जी वाट चाललीच नाही, तिच्याबद्दल तो गप्प.

ही उणीव किती खोल आहे ते मुद्रणाच्याच उदाहरणात दिसते. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी. आठ माइक, २४ बिट आणि ४८,००० नमुने या हिशेबाने सेकंदाला ११,५२,००० बाइट होतात; म्हणजे सुमारे ६२ मिनिटांनी फाइल भरते आणि नवी उघडावी लागते. ती कॉलबॅकमध्येच उघडणारा प्रोग्राम दहा मिनिटांच्या चाचणीत निर्दोष ठरेल आणि जत्रेत दर तासाला अडखळण्याचा धोका पत्करेल. मर्यादा चाचणीपुरती ४ एमबी केली, तर तीच वाट चार सेकंदांच्या आत चालते आणि सॅनिटायझर बोट ठेवतो. दुर्मीळ वाटा अशा मुद्दाम जवळ आणणे ही माझ्या मते साधनाच्या निवडीपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे. दुरुस्ती त्यामानाने ठरलेली: मेमरी आधीच राखायची, नमुने लॉकविरहित रिंग बफरमध्ये (लॉक न घेता भरता-उपसता येणाऱ्या गोल रांगेत) टाकायचे, फाइलचे काम वेगळ्या थ्रेडकडे द्यायचे.

लिनक्स कर्नेलमध्ये हीच राखण ‘माइट स्लीप’ ही तपासणी करते. झोपण्याची मुभा नसलेल्या जागी झोपू शकणारे फंक्शन आले की ती लॉगमध्ये ओरडते. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नेलमध्ये असलेल्या प्रीएम्प्ट-आरटी या रिअल-टाइम पर्यायात बहुतेक स्पिनलॉक (एरवी न झोपता फिरत वाट पाहणारे लॉक) झोपणारे होतात, त्यामुळे एरवी चालणारा ड्रायव्हर तिथे सदोष ठरू शकतो. झेनोमाई या लिनक्ससोबत चालणाऱ्या रिअल-टाइम चौकटीत रिअल-टाइम थ्रेड नकळत साध्या लिनक्सच्या ताब्यात गेला, तर सिग्नल पाठवण्याची सोय आहे.

फंक्शने अडवणाऱ्या साधनांना दोन गोष्टी दिसत नाहीत. स्वतः लिहिलेला ‘झेंडा बदलेपर्यंत फिरत राहा’ असा लूप कोणतेच बाहेरचे फंक्शन बोलावत नाही, तरी अनंत काळ अडकू शकतो. आणि मेमरीचे पान डिस्कवर गेले असेल, तर साधे वाचनही थांबते. त्यासाठी पाने आधीच मेमरीत कुलूपबंद करावी लागतात.