सुरी बनवायचीय? मग ग्राइंडरच्या आधी लोहचुंबक घ्या

घरी सुरी बनवायचं वेड आता आपल्याकडेही वाढतंय, आणि नवीन माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, बेल्ट ग्राइंडर, म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर धातू घासायचं यंत्र, कुठला घेऊ? माझं मत यावर स्पष्ट आहे. ग्राइंडर सुरीला आकार देतो, पण ती सुरी धार धरणार की चार कांदे चिरल्यावर बोथट होणार हे ठरतं भट्टीत आणि तेलाच्या डब्यात, त्यामुळे आधी पैसे तिथे लागणाऱ्या वस्तूंवर घाला. त्या वस्तू स्वस्तही असतात.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. ग्रिल-गेट बनवणाऱ्याकडे मिळते त्या साध्या पट्टीत कार्बन असतो ०.२ टक्क्यांच्या आसपास, तिची सुरी कितीही सुंदर घासा, कडक होणार नाही. ट्रकच्या पाट्यात, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीत, तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून तर आपले लोहार कोयते पाट्याचे करतात. थंड लोखंडात अणूंची जी मांडणी असते तिच्यात कार्बनला जागाच नसते म्हटलं तरी चालेल. तापवत नेलं की साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे ही मांडणी बदलायला लागते आणि नव्या मांडणीत कार्बन आरामात मावतो, विरघळतो. आता इथून एकदम थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि सगळी मांडणी ताणून धरतो, आणि हा ताण म्हणजेच कडकपणा. या कडक रूपाला मार्टेन्साइट म्हणतात, जर्मन धातुतज्ज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून.

म्हणजे सगळा खेळ तापमानाचा. आणि तापमान नुसत्या डोळ्यांनी ओळखायला गेलं की फसगत होते, कारण भर उन्हात जे पातं काळपट लाल दिसतं तेच अंधाऱ्या खोलीत नारिंगी दिसतं. इथे कामाला येतो लोहचुंबक. शुद्ध लोखंड ७७० अंशाला चुंबकाला चिकटायचं सोडतं, आणि पोलादातली वर सांगितलेली ती नवी मांडणीसुद्धा चिकटत नाही. चुंबकाला एक लांब तार बांधा, पातं भट्टीतून काढलं की लावून बघा, ओढ संपली म्हणजे तुम्ही जवळ पोचलात. जवळच हं, कारण पाट्याच्या पोलादाला अजून बरंच वर, ८३०-८५० पर्यंत जावं लागतं.

ते कसं कळणार? मला यातली सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ. मीठ ८०१ अंशाला वितळतं. तापलेल्या पात्यावर चिमूटभर टाकलं आणि दाणे तसेच राहिले तर कमी तापलंय, दाणे वितळून पाण्यासारखे चकाकत पसरले तर ८०१ ओलांडलं, आता आणखी किंचित उजळ होऊ द्यायचं, सगळीकडे सारखा रंग आला की सरळ तेलात. उगाच पिवळंधम्मक होईपर्यंत मात्र तापवू नका, आतले कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ होतं.

तेल का, पाणी का नाही? पाणी फार झपाट्याने उष्णता ओढतं, पातळ पातं वाकडं होतं किंवा टिंग आवाज करून तडकतं. पाट्यात सिलिकॉन, मँगनीज, कशात क्रोमियम असतं, त्यामुळे ते थोडं सावकाश थंड झालं तरी कडक होतं आणि तेलावर भागतं. साधं खायचं तेल चालतं, फक्त ५०-६० अंशापर्यंत कोमट करून घ्या, पातळ झालं की ते पात्याभोवती पटापट फिरतं आणि जास्त चांगलं थंड करतं. डबा पत्र्याचाच हवा, झाकण हाताशी हवं, कारण वरचं तेल पेट घेऊ शकतं. गाडीचं जुनं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट.

पुढचं हत्यार कानस. चांगली नवी कानस पात्यापेक्षा कडक असते, म्हणून तीच तुमचं कडकपणा मोजायचं यंत्र. तेलातून काढलेल्या पात्यावर ती घसरली, भुगा पडला नाही, तर काम झालं. चावली तर फसलं. पण लगेच निराश होऊ नका, भट्टीत वरच्या पापुद्र्यातला कार्बन जळून जातो आणि तेवढीच साल मऊ राहते, ती जरा घासून मग परत कानस लावून बघा.

असं नुसतं कडक झालेलं पातं फरशीवर पडलं तर तुकडे होतील. म्हणून ओव्हन. २०० अंशाला दोन तास, थंड होऊ द्यायचं, परत दोन तास. अडकलेला थोडा कार्बन सुटतो, ताण उतरतो, धार टिकते आणि ठिसूळपणा जातो. ओव्हनच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नका, आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरा म्हणजे उष्णता सारखी लागते. घासून चकचकीत केलेलं पातं यात फिकट गवती पिवळं होतं. हा रंग ऑक्साइडच्या अतिपातळ थराचा, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात दिसतात तसाच प्रकाशाचा खेळ. निळं झालं म्हणजे ३०० च्या आसपास गेलं, स्प्रिंगला ते ठीक, सुरीला नाही.

आणि ग्राइंडरचा धोका नेमका इथेच आहे. पट्टा फिरवणारं ४ इंची चाक आणि मिनिटाला २८०० फेऱ्यांची मोटर धरली तर पट्टा सेकंदाला जवळजवळ १५ मीटर पळतो. घासण्यात गेलेली बहुतेक शक्ती उष्णता होते, धारेपाशी धातू कागदासारखा पातळ, उष्णता जाणार कुठे, क्षणात धार निळी पडते आणि मघाचं सगळं काम वाया. म्हणून पातं धारेकडे निमुळतं करणारा उतार बराचसा आधीच, मऊ असताना घासून घ्या, धार १ मिलिमीटरभर जाड ठेवा, आणि कडक केल्यावर घासताना हातमोजा न घालता पातं धरा, चटका बसायच्या आत बादलीत बुडवा. मऊ करायला पाटा चुंबक सोडण्यापलीकडे तापवून राखेत रात्रभर पुरायचा, मग हीच कामं कानस आणि पातं टेबलाला आवळून धरणाऱ्या दोन सी-क्लॅम्पवर होतात, वेळ जातो पण पातं जळत नाही. मुठीच्या खिळ्यांची भोकंही तेव्हाच पाडा, नंतर साधा ड्रिल बिट नुसता फिरत राहील.

जुना पाटा घेताना एक बघा, वर्षानुवर्षं वाकून-वाकून त्यात बारीक तडे गेलेले असतात आणि ते तेलात टाकल्यावरच उघडे पडतात. जमलं तर न वापरलेल्या पाट्याचा तुकडा मिळवा. आणि ग्राइंडर घ्याल त्याच दिवशी गॉगल आणि धुळीचा चांगला मास्क घ्या, रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. मुठीच्या लाकडाचा भुसा आणि लोखंडाच्या ठिणग्या एकाच डब्यात गोळा होऊ देऊ नका, आत धुमसत राहतं आणि तासाभराने पेटतं.