वीज बल्बमध्ये संपते का?

1 फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली की पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये 50,000 अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू जोडून-बनवून शिकायच्या प्रयोगशाळा, उभ्या राहतील. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने आधी मंजूर केलेली शेकडो संशोधन अनुदानं मध्येच रद्द करायला सुरुवात केली. त्यात सगळ्यात मोठा घाव बसला तो विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणावरच्या संशोधनाला. पहिली बातमी बेळगाव, खानापूर, निपाणीच्या शाळांसाठी सरळ कामाची आहे. दुसरी वाचून 'त्यांचं ते बघून घेतील' म्हणत आपण पान उलटतो. मला मात्र दुसरीच जास्त लागली. लॅबमध्ये काय ठेवायचं हे पैशाने ठरतं, पण त्या वस्तूंनी मुलाच्या डोक्यात नेमकं काय बदलतं हे कुणीतरी वर्षानुवर्षं बसून शोधावं लागतं. त्या शोधाचे पैसे थांबले की तोटा खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेचाही होतो. कसा, ते एका बल्बच्या उदाहरणाने सांगतो.

दोन सेल घ्या आणि टॉर्चचे दोन सारखे बल्ब एकापाठोपाठ, म्हणजे एकसर जोडणीत लावा. वायर सेलच्या धन टोकापासून पहिल्या बल्बला, तिथून दुसऱ्या बल्बला आणि परत सेलच्या ऋण टोकाला. जोडण्याआधी मुलांना विचारा, कोणता बल्ब जास्त उजळेल? बरीच मुलं सांगतात, पहिला. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: पहिल्याने थोडी वीज वापरली, उरलेली दुसऱ्याला मिळाली.

ही चूक फक्त मुलांची नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांनी 1992 मध्ये पाच सारख्या बल्बांचा एक प्रश्न प्रसिद्ध केला. एका सेलला एक बल्ब, दुसऱ्याला दोन एकसर, तिसऱ्याला दोन समांतर, म्हणजे दोन्ही बल्ब स्वतंत्रपणे थेट सेलला जोडलेले. आता पाचही बल्ब तेजाच्या क्रमाने लावा. विद्यापीठात भौतिकशास्त्राचा नेहमीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांपैकी जेमतेम 15 टक्के विद्यार्थ्यांना तो क्रम बरोबर लावता आला. ओहमच्या नियमाची गणितं मात्र अशा विद्यार्थ्यांना बऱ्याचदा जमतात.

खरं काय घडतं? दोन्ही बल्ब सारखेच उजळतात, कारण दोघांतून जाणारा विद्युतप्रवाह तंतोतंत सारखा असतो. बल्बच्या आधी, दोन बल्बांच्या मध्ये आणि शेवटी, मल्टीमीटर कुठेही जोडा, आकडा तोच येईल.

पण तो सारखा का असतो? मला या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते, म्हणून इथे थोडा थांबतो. समजा, क्षणभर पहिल्या बल्बात जास्त इलेक्ट्रॉन शिरले आणि कमी बाहेर पडले. जास्तीचे इलेक्ट्रॉन तिथेच साचतील. सगळे ऋणभारित, त्यामुळे हा साठा मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनना मागे ढकलेल आणि पुढच्यांना पुढे रेटेल. म्हणजे येणारा ओघ मंदावेल, जाणारा वाढेल. दोन्ही सारखे होईपर्यंत हे चालू राहील, आणि सारखे झाले की साठा वाढायचाच थांबेल. हा हिशेब जुळायला सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतकाच वेळ लागतो. तो जुळवणारा भार अतिशय थोडा असतो. तो मुख्यतः वायरच्या पृष्ठभागावर पसरलेला असतो आणि वायरच्या आत सगळीकडे इलेक्ट्रॉनना ढकलणारं विद्युतक्षेत्र तोच तयार करतो. शालेय पाठ्यपुस्तकात या पृष्ठभारांबद्दल सहसा एक ओळही नसते. त्यामुळे बल्बला 'कळतं' कसं की पुढे आणखी एक बल्ब आहे, या मुलाच्या अगदी रास्त प्रश्नाला उत्तर मिळत नाही. उत्तर पृष्ठभारांत आहे. दुसरा बल्ब जोडला की संपूर्ण मंडलातली, म्हणजे सर्किटमधली, त्यांची मांडणी बदलते, आणि म्हणून पहिला बल्बही मंद होतो.

इलेक्ट्रॉन स्वतः मात्र फार सावकाश सरकतात. एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या वायरमधून एक अँपिअर प्रवाह जात असेल, तर त्यांचा सरासरी सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे 0.073 मिलिमीटर येतो. एक मीटर वायर पार करायला जवळजवळ पावणेचार तास. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण बल्बच्या तारेतले इलेक्ट्रॉन आधीपासून तिथेच असतात. धक्का तेवढा क्षणात पोहोचतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. मोटर फिरली की सगळा पट्टा एकदम हलतो, जेवढा जात्याकडे जातो तेवढाच परत येतो, पट्टा काही दळला जात नाही. मोटरकडून जात्याकडे पोहोचते ती ऊर्जा. बल्बमध्येही खर्च होते ती ऊर्जाच, आणि हेस्कॉमच्या बिलावरचे युनिट मोजतात तीही ऊर्जाच. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास.

घरातच याचा पुरावा हवा असेल तर मीटरजवळची ईएलसीबी (किंवा आरसीसीबी), म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारी पेटी, पाहा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. घरासाठी वापरतात त्या प्रकारात फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत जाण्याआधीच ती ट्रिप होते, कारण फरक पडला याचा अर्थ प्रवाह दुसऱ्या वाटेने, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चालला आहे. फ्रिज, पंखे, टीव्ही यांनी प्रवाह खरोखरच 'वापरला' असता, तर ही पेटी एक क्षणही टिकली नसती.

मग मुलांना मल्टीमीटरवरचे सारखे आकडे दाखवले की काम झालं? दुर्दैवाने नाही. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बॉर्न यांच्या गटाने 1980 च्या दशकात मुलांच्या विजेविषयीच्या कल्पना तपशिलात नोंदवल्या. याच काळात कॉलिन गॉल्ड यांनी 1986 मध्ये एक निष्कर्ष मांडला, जो प्रत्येक विज्ञान शिक्षकाला माहीत असावा असं मला वाटतं. वर्गात मीटरवर सारखे आकडे पाहिलेल्या काही मुलांना काही महिन्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना आकडे वेगवेगळे होते असंच 'आठवत' होतं. त्यांनी जुनी कल्पना सोडली नव्हती, आठवणच तिच्याशी जुळवून घेतली होती. प्रयोग करून दाखवला की मूल शिकलं, हा समज इथे कोसळतो. मुलाने आधी अंदाज लिहून दिला पाहिजे, त्यामागचं कारण मांडलं पाहिजे, मग निरीक्षण करून अंदाज का चुकला यावर बोललं पाहिजे. क्रम महत्त्वाचा.

असं संशोधन करायला पैसा लागतो. नोबेल विजेते कार्ल वाईमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' (PhET) या संगणकीय सिम्युलेशनच्या प्रकल्पाला नॅशनल सायन्स फाउंडेशनचीही मदत मिळाली. त्याच्या मंडल-जोडणीच्या सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन सरकताना डोळ्यांना दिसतात. 2005 च्या एका अभ्यासात या सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी खऱ्या वायरी-बल्बांवर शिकलेल्यांपेक्षा संकल्पना चांगल्या समजून घेतल्याच, शिवाय नंतर खरं मंडल जोडण्यातही ते सरस ठरले. हे सिम्युलेशन मराठीत आहे, फुकट आहे. अमेरिकेतला निधी आटला की आपलं काय जातं, ते हे.

इथे आणखी एक बोलायलाच हवं. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' नावाने डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना रंग ओळखायला लावणारे वर्ग पालकांकडून हजारो रुपये घेत आले आहेत. मूल नाकाजवळच्या फटीतून पाहत असतं. महाराष्ट्रात अंनिसने आणि कर्नाटकात मंगळूरचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी हे उघडकीला आणलं आहे. मुलाला फसवायला शिकवणं आणि त्याला शिक्षण म्हणणं, यापेक्षा वाईट काय असू शकतं? तयार किट जोडून 'रोबोटिक्स शिकलो' म्हणवणं हा त्या मानाने सौम्य प्रकार, पण पालकांनी तिथेही विचारावं की मोटर का फिरते हे मूल सांगू शकतं का.

मुलं विज्ञान कशी शिकतात हे शोधण्याचं काम आपल्या देशात झालेलं नाही असं नाही. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून आहे. तिथे वि. गो. कुलकर्णी आणि वि. गो. गंभीर यांनी 1981 मध्येच विज्ञान शिकण्यात भाषेचा अडथळा किती येतो यावर संशोधन मांडलं होतं. मध्य प्रदेशात 1972 मध्ये 16 शाळांपासून सुरू झालेला होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे सुमारे हजार शाळांपर्यंत गेला आणि 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. तीस वर्षांचा अनुभव एका निर्णयाने थांबला, याचं मला आजही वाईट वाटतं.

एका अटल लॅबला मिळणाऱ्या 20 लाख रुपयांपैकी निम्मे उभारणीसाठी आणि निम्मे पाच वर्षांपर्यंतच्या चालू खर्चासाठी, अशी मूळ रचना आहे. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत नव्या कल्पनेसाठी निवडलेल्या मुलाला 10,000 रुपये मिळतात. दोन्ही योजना मला हव्याच आहेत. पण मूल काय शिकलं हे तपासणाऱ्याला त्यात जागा कुठे आहे? आणि बेळगावसारखी जागा शोधून सापडणार नाही. एकाच गावात मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी माध्यमाच्या शाळा, त्यातल्या राज्य मंडळाच्या शाळांना अभ्यासक्रम एकच, दहावीला परीक्षाही एकच, एसएसएलसी. चारही माध्यमांतल्या मुलांच्या विजेविषयीच्या कल्पना सारख्या असतात की वेगळ्या, हा खराखुरा संशोधनाचा प्रश्न आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ इथेच आहे, विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे. त्यांनी डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, शिक्षकांना सोबत घेऊन पाच बल्बांच्या प्रश्नापासून सुरुवात केली, तर खर्च एका थ्रीडी प्रिंटरइतकाही येणार नाही.

शिक्षकांनी त्याची वाट पाहायची गरज नाही. दोन बल्बांचा प्रयोग वर्गात आजही करता येतो. फक्त एक लक्षात ठेवा: एलईडी घेऊ नका, त्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो आणि मुलं त्यातच अडकतात. तंतूचे 2.5 व्होल्टचे बल्ब शोधून आणा. एकाच खोक्यातले दोन बल्बही कधी कधी हुबेहूब सारखे नसतात, त्यामुळे पहिला खरंच थोडा जास्त उजळला तर घाबरू नका. मुलांनाच त्या दोघांच्या जागा बदलायला सांगा. तेज जागेबरोबर राहतं की बल्बबरोबर जातं, याचा अंदाज मात्र जागा बदलण्याआधी वहीत लिहून घ्या.