‘सासूसमोर कोण सांगणार?’

लोकलच्या लेडीज डब्यात परवा पुन्हा तेच ऐकलं. ‘सर्व्हेवाली सासूसमोर विचारते, नवरा मारतो का? कोण हो म्हणेल! सगळे आकडे खोटे.’

तसं विचारतच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आपल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. हिंसेचे प्रश्न निवडक घरांतच, तेही घरातल्या एकाच बाईला. घरात जावा असल्या तरी दुसरीला नाही. एकांत मिळाला नाही, तर तो भाग सोडून द्यायचा. (दहा बाय बाराच्या खोलीत एकांत कसला, हे चाळीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.) शिवाय ‘छळ होतो का’ असं मोघम नाही. थोबाडीत मारली? हात पिरगळला किंवा केस ओढले? एकेक गोष्ट सुटी. ‘छळ’ म्हटलं की जी मान हलवून नाही म्हणेल, तीच थोबाडीत म्हटल्यावर ‘ते काय, एकदोनदा’ असं बोलून जाईल.

२०१९-२१ च्या फेरीत लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के. काही जणी सर्वेक्षणातही गप्प राहतात, हे खरंच. म्हणजे आकडा फुगवलेला नाही, झाला तर कमीच.